पाद्री आपले, आर्चबिशप परके

मागच्या अंकात जुने गोव्याच्या, सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवप्रदर्शनाला जाऊन आल्याच्या चार ओळी मी सहज लिहिल्या. एरवी या सदराला पाचसहा पत्रं येतात, तीही बहुतेक शुद्धलेखनाची आणि आडनावांच्या व्युत्पत्तीची. या वेळी पिशवी भरून आली. काही पत्रं प्रेमाची होती, दोनतीन चांगली तिखट. म्हणून हा अख्खा अंक एकाच विषयाला देते आहे.

आधी माझी कुळकथा. माझं माहेर डिचोली, सासर म्हापसा. बार्देशातल्या चर्चच्या एका हायस्कुलात एकोणतीस वर्षं मी मराठी शिकवली. तीन फादर आणि दोन सिस्टर मुख्याध्यापक म्हणून पाहिले. मी ख्रिस्ती नाही, इतिहासकार तर नाहीच नाही. पण स्टाफरूमच्या खिडकीतून एकोणतीस वर्षं इगर्ज, म्हणजे चर्च, दिसत होती. तेवढ्या काळात माणूस शेजाऱ्याच्या घरातलं पुष्कळ शिकतो, आणि जे कळत नाही ते मधल्या सुट्टीत विचारून घेतो.

“आमच्या सिंधुदुर्गचे बिशप गोव्याच्या आर्चबिशपच्या हाताखाली येतात, असं ऐकलं. महाराष्ट्रातलं चर्च गोव्याच्या ताब्यात कसं? आणि आर्चडायोसिस म्हणजे नेमकं काय?”
*— एक वाचक, सावंतवाडी*

‘ताब्यात’ हा शब्द आधी बाजूला ठेवा. एका बिशपच्या देखरेखीखालचा मुलूख म्हणजे डायोसिस, मराठीत धर्मप्रांत. अशा काही धर्मप्रांतांमध्ये जो मानाने थोरला, तो आर्चडायोसिस, म्हणजे महाधर्मप्रांत. त्याचा प्रमुख आर्चबिशप. आपल्या कोकणी घराण्यांत थोरली पाती आणि धाकटी पाती असते ना, तसंच हे. धाकट्या पातीच्या घरात चूल वेगळी, हिशेब वेगळा, कर्ताही वेगळा. फक्त मोठ्या कार्याला मानाचा नारळ थोरल्या पातीकडे जातो. तुमच्या बिशपची नेमणूक रोमहून पोप करतात, पणजीहून कुणी नाही.

सिंधुदुर्ग धर्मप्रांत फार जुना नाही. पुणे धर्मप्रांतातून तो २००५ मध्ये वेगळा काढला. सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि कोल्हापूर हे जिल्हे त्यात येतात. पुढल्या वर्षी, २००६ च्या नोव्हेंबरात, तो गोव्याला जोडला गेला. त्याआधीची काही दशकं गोव्याच्या महाधर्मप्रांताला धाकटी पातीच नव्हती! नाव महाधर्मप्रांत, पण खाली एकही धर्मप्रांत नाही, सरळ रोमशी संबंध. तेव्हा गोव्याचं थोरलेपण सार्थ केलं ते तुम्ही सावंतवाडीकरांनी, असं म्हटलं तरी चालेल.

आणि एके काळी याच गोव्याखाली काय काय होतं! १५१० मध्ये पोर्तुगीज सेनापती आल्बुकर्कने गोवा घेतला. सुरुवातीला इथल्या चर्चचा कारभार मदैरा बेटावरच्या फुंशालच्या बिशपकडे होता, म्हणजे आफ्रिकेला वळसा घालून पलीकडे. १५३३ मध्ये गोवा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. १५५८ मध्ये महाधर्मप्रांत झाला आणि कोची व मलाक्का हे धर्मप्रांत त्याच्याखाली आले. आफ्रिकेच्या दक्षिण टोकापासून चीन-जपानपर्यंत, कागदावर सगळं गोव्याचं. जहाज पोचायला वर्ष लागेल अशा ठिकाणच्या पाद्रीची तक्रार मांडवीच्या काठावर येणार, आणि निकाल परत जाईपर्यंत तक्रारदार हयात असेल की नाही देव जाणे. पुढे एकेक मुलूख सुटत गेला आणि पदव्या तेवढ्या राहिल्या. १८८६ मध्ये ‘पूर्वेकडील देशांचे पात्रियार्क’ ही मानाची पदवी मिळाली, ती आजही आर्चबिशपच्या नावापुढे लागते. नावातलं ‘आणि दमण’ १९२८ चं आहे. दमणचा वेगळा धर्मप्रांत होता, तो तेव्हा गोव्यात मिळवला. आज गोवा राज्य, दमण, दीव आणि दादरा-नगर हवेली एवढा मुलूख त्यात आहे. गावागावांतल्या धर्मग्रामांची, म्हणजे पॅरिशांची, संख्या दीडशेच्या वर जाते.

“तुम्ही लिहिता त्यातले काही शब्द कळत नाहीत. इगर्ज, विगार, फाब्रिक म्हणजे काय? आणि कार्डिनल हा आर्चबिशपपेक्षा मोठा का?”
*— एक वाचक, डोंबिवली*

इगर्ज हा पोर्तुगीज ‘इग्रेजा’चा आपल्या तोंडचा अवतार, म्हणजे चर्च. छोटं असेल तर कापेल. विगार म्हणजे धर्मग्रामाचे मुख्य पाद्री. फाब्रिक म्हणजे चर्चची मालमत्ता आणि पैसाअडका पाहणारी समिती, आपल्या देवस्थान समितीची चुलत बहीण. तिथे भांडणंही तशीच होतात, हे माझ्या सहकारी शिक्षकाने तिच्या बैठकीहून आल्यावर कपाळाला बाम चोळत सांगितलेलं आठवतं. फेस्त म्हणजे उत्सव. त्याच्या आधी नऊ दिवस नोवेना. घरी, खुरसापुढे म्हणजे क्रॉसपुढे, किंवा कापेलात जमून म्हणतात ती प्रार्थना म्हणजे लादाइन्य. ते संपलं की ताटात उकडलेले चणे येतात आणि वर काय मिळतं ते तुम्ही गोव्याला याल तेव्हा विचारा.

कार्डिनल ही अधिकाराची नव्हे, मानाची पायरी आहे. पोप ती देतात आणि नवे पोप निवडायला कार्डिनलच बसतात. गोव्याचे आर्चबिशप फिलिप नेरी फेर्रांव २०२२ च्या ऑगस्टमध्ये कार्डिनल झाले. २०२५ च्या मे महिन्यात रोममध्ये पोपची निवड झाली तेव्हा ते आत होते. ते बार्देशातल्या हळदोण्याचे. त्या दिवसांत म्हापशाच्या बाजारात मासळीवाल्या बाया सिस्टिन चॅपलच्या धुराची चर्चा करत होत्या. नवे पोप निवडले गेले की तिथून पांढरा धूर निघतो. “धव्वो धुंवर येवंक जाय गो,” असं बांगडे मोजता मोजता चाललेलं.

“जुने गोव्यातली एवढी मोठमोठी चर्चं ओस का पडली? तिथे आता फक्त पर्यटक जातात का? शवप्रदर्शनाविषयी तुम्ही फार थोडं लिहिलंत.”
*— एक वाचक, पुणे*

ओस पडलं ते शहर. चर्चं सगळी ओस पडली नाहीत. जुने गोव्याला महामारीने खाल्लं. पाणी वाईट, गटारं वाईट, एकामागून एक पटकी आणि ताप. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून व्हायसरॉयही आपला मुक्काम पणजीच्या दिशेने सरकवत गेले. १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. त्यातच पोर्तुगीज सरकारने १७५९ मध्ये जेझुइट या संघाच्या पाद्रींना हाकललं आणि १८३५ च्या सुमारास उरलेल्या संन्यासी संघांनाही. मठ एकदम रिकामे. कौलं निघाली, चिरे निघाले, घंटासुद्धा निघाल्या. पणजीच्या पायऱ्यांच्या इगर्जेवर जी मोठी घंटा दिसते, ती मूळची जुने गोव्याच्या ऑगस्टिनियन मठाची. त्या मठाचं छप्पर १८४२ मध्ये कोसळलं. आज तिथे उभा आहे तो मनोऱ्याचा अर्धा सुळका.

से कॅथेड्रलची गोष्ट वेगळी. ते आर्चबिशपांचं स्वतःचं चर्च, संत कॅथरीनला वाहिलेलं, कारण आल्बुकर्कने गोवा जिंकला तो २५ नोव्हेंबर तिच्या सणाचा. काम १५६२ मध्ये सुरू झालं आणि १६१९ पर्यंत चाललं, वेद्या तर त्याहून नंतर पुऱ्या झाल्या. दोन मनोरे होते, त्यांतला एक १७७६ मध्ये पडला आणि पुन्हा बांधला नाही. आमची शाळेची सहल गेली की दरवर्षी एखादं पोरगं विचारायचं, “टीचर, पैसे संपले काय?” उरलेल्या मनोऱ्यात सोन्याची घंटा म्हणतात ती मोठी घंटा आहे. नाव सोन्याचं ते तिच्या आवाजावरून. रविवारी तिथे नेहमीसारखी मिसा, म्हणजे चर्चची मुख्य उपासना, होते, जवळपासची माणसं येतात, लग्नं लागतात.

शवप्रदर्शनाचं म्हणाल तर, सेंट फ्रान्सिस झेवियर १५४२ च्या मे महिन्यात गोव्यात आले आणि १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारले. १५५४ मध्ये त्यांचं शव गोव्यात आणलं. ते जुने गोव्यातल्याच बॉम जेझू बासिलिका या चर्चमध्ये आहे. खालचं संगमरवरी काम फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्यातल्या तिसऱ्या कोझिमोने पाठवलं, वरची चांदीची पेटी मात्र गोव्याच्या कारागिरांनी घडवली, १६३६-३७ च्या सुमारास. दर दहा वर्षांनी ते शव बासिलिकेतून समोरच्या से कॅथेड्रलमध्ये नेतात आणि लोक दर्शन घेतात. या वेळी २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असं चाललं.

मी डिसेंबरात एका आडवारी सकाळी गेले, सून बरोबर. रांगेत आमच्या पुढे बेळगावकडचं एक कुटुंब होतं. बाईच्या डोक्यात अबोलीचा गजरा आणि कपाळावर कुंकू. तिची सासू दोन प्रदर्शनांना येऊन गेली होती, आता तिच्या नवसाची पाळी. मागे सावंतवाडीकडून चालत आलेली पोरं, पायाला पट्ट्या बांधलेली, मराठीत एकमेकांची टर उडवत. पेटीपुढे आलं की थांबायला मिळतं जेमतेम तीन श्वास. स्वयंसेवक हळू आवाजात “मुखार, मुखार” म्हणत असतो. अगदी मंगेशीच्या जत्रेतल्या पुजाऱ्यासारखा, फक्त याच्या गळ्यात ओळखपत्र. बाहेर आल्यावर सुनेने विचारलं, “आई, तुम्ही काय मागितलंत?” मी म्हटलं, तीन श्वासांत मागायचं काय, गुडघ्याचं तेवढं सांगितलं.

“तुमच्या त्या लेखात शवप्रदर्शनाचं कौतुक वाचून वाईट वाटलं. ज्यांनी आमची देवळं मोडली, इन्क्विझिशन आणलं, भाषा मारली, त्यांच्या संस्थेचं कौतुक एका मराठी शिक्षिकेने करावं? तुमचे देव कुठून कुठे गेले ते विसरलात का?”
*— एक वाचक, फोंडा*

विसरले नाही. तुम्ही फोंड्याहून लिहिता, म्हणजे तुमच्या घराभोवतीच तो इतिहास उभा आहे. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, रामनाथ लोटलीहून, कामाक्षी रायहून. तिसवाडीतली देवळं १५४० च्या सुमारास पाडली, सासष्टीतली १५६० च्या दशकात. लोक रात्री मूर्ती घेऊन नदी ओलांडून गेले. फोंडा तेव्हा आदिलशाहीत होता म्हणून देव वाचले. इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह्यांना शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, १५६० मध्ये आलं आणि मधला थोडा काळ सोडला तर १८१२ पर्यंत राहिलं. १६८४ मध्ये व्हायसरॉयने हुकूम काढला की इथल्या लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. यातलं काहीही झाकायचं कारण नाही. कुंकळ्ळीला १५८३ मध्ये पाच जेझुइट मारले गेले. त्यांना रोमने १८९३ मध्ये धन्यवादित केलं, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी दिली. पण त्यानंतर पोर्तुगिजांनी बोलणीसाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांना ठार केलं, त्यांचं स्मारक उभं राहायला आपल्यालाही चारशे वर्षं लागली.

तुमचा राग मला परका नाही. पण तो कुणावर रोखायचा, हे बघायला हवं. माझी सगळी बोलणी इथे येऊन थांबतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

‘चर्च’ म्हणून आपण एकच पुतळा उभा करतो आणि त्याच्यावर दगड मारतो. आत मात्र दोन मजले होते. वरच्या मजल्यावर आर्चबिशप आणि संन्यासी संघांचे गोरे पाद्री. खालच्या मजल्यावर आपल्याच गावांतले, आपल्याच आडनावांचे, बाटवले गेलेल्यांचे नातू-पणतू असलेले पाद्री. त्या खालच्या मजल्याला वर जायचा जिना नव्हता.

मातेउश द कास्त्रु याचं नाव तुम्ही ऐकलं आहे का? दिवाडी बेटावरच्या ब्राह्मण घरातला ख्रिस्ती मुलगा. गोव्यात त्याला पाद्री होऊ दिलं नाही. तो खुश्कीच्या वाटेने रोमला गेला, तिथे शिकला, दीक्षा घेतली आणि १६३७ मध्ये बिशप झाला. लॅटिन परंपरेतला पहिला भारतीय बिशप! परत आला तर गोव्याच्या आर्चबिशपने त्याची बिशपगिरी मानायला नकार दिला. मग त्याने गोव्याच्या हद्दीबाहेर, आदिलशाही मुलखात, ठाण मांडलं. कुठे? माझ्या माहेरी, डिचोलीत. तिथे त्याने चर्च बांधलं, आपल्या माणसांना पाद्री करू लागला, आणि पोर्तुगिजांशी इतकं वैर धरलं की डचांकडे आणि आदिलशहाकडे कारस्थानं केल्याचा आरोप त्याच्यावर आला. मी डिचोलीला वाढले, शाळेत गेले, शिवाजीमहाराजांनी नार्व्याचं सप्तकोटेश्वर बांधलं हे पाठ केलं. पण त्याच डिचोलीत पोर्तुगीज आर्चबिशपला आव्हान देणारा दिवाडकर बिशप राहत होता, हे मला कळलं वयाच्या चाळिशीनंतर, तेही आमच्या शाळेतल्या एका फादरच्या तोंडून. जिरेसाळ भाताच्या पेजेचा घोट घेत त्यांनी सांगितलं, आणि वर म्हणाले, “बाई, तुमचो गांव आमकां नडलेल्यांक पावलो.”

दुसरे जुझे वाझ. बाणावलीला १६५१ मध्ये जन्मले. डचांनी श्रीलंकेत कॅथलिकांना बंदी घातली होती. हे मजुराच्या वेशात तिथे शिरले, तमिळ आणि सिंहली शिकले, तुरुंगात पडले आणि १७११ मध्ये कँडीत वारले. त्यांच्यामागून गेलेले सगळे पाद्री गोव्याचेच. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोला येऊन त्यांना संत घोषित केलं. तीनशे वर्षं लागली. झेवियरना किती लागली ते तुम्हीच मोजा: १६२२ मध्ये ते संत झाले.

आणि १७८७ चा पिंतोंचा कट. कांदोळीच्या पिंतो घराण्यावरून त्याला नाव पडलं. पण डोकं चालवणारे मुख्यतः गोंयकार पाद्री होते. तक्रार हीच, की शिकलो सवरलो तरी वरची पदं आम्हाला नाहीत. कट फुटला. १७८८ मध्ये पंधरा जणांना पणजीत देहान्त शासन झालं. पाद्रींना लिस्बनच्या तुरुंगात धाडलं, कित्येक जण वर्षानुवर्षं तिथेच सडले.

महाधर्मप्रांत १५५८ चा. त्याच्या गादीवर पहिला गोंयकार आर्चबिशप बसला १९७८ मध्ये, राऊल गोन्साल्वीस. चारशे वीस वर्षं! गोवा मुक्त झाला १९६१ च्या डिसेंबरात. तेव्हाचे पोर्तुगीज पात्रियार्क पुढच्या वर्षी निघून गेले, तरी पदावरून उतरले नव्हते. पोर्तुगालने गोव्याचं विलीनीकरण १९७४ च्या अखेरीस मान्य केल्यावरच त्यांनी राजीनामा दिला. तोवर इथला कारभार पाहणाऱ्या गोमंतकीय बिशपांच्या नावापुढे ‘प्रशासक’ लागत होतं.

म्हणून फोंडकर, माझं म्हणणं एवढंच. देवळं मोडणाऱ्यांना माफ करा, असं मी सांगत नाही. पण आज इगर्जेत विगार म्हणून जो उभा असतो, तो त्या मोडणाऱ्यांचा वारस नव्हे. तो त्यांच्या खालच्या मजल्यावर चारशे वर्षं ताटकळलेल्यांचा वारस आहे. आणि मी कौतुक केलं होतं ते रांगेचं.

“फादर स्टीफन्स हे गोवा आर्चडायोसिसचे पाद्री होते का? आणि ‘ख्रिस्तपुराण’ मराठी की कोंकणी? आमच्या कॉलेजात यावरून दोन तट पडले आहेत.”
*— एक विद्यार्थिनी, मडगाव*

तट पडू देत, वाद करा, पण मूळ ओव्या वाचून करा. थॉमस स्टीफन्स इंग्लंडचे, संघ जेझुइट. म्हणजे महाधर्मप्रांताचे पाद्री नव्हेत, पण काम सगळं याच्या हद्दीत. १५७९ च्या ऑक्टोबरात आले आणि १६१९ मध्ये वारले. जवळजवळ चाळीस वर्षं, त्यातली बरीचशी सासष्टीत. तुझ्या मडगावच्या आसपास ते हिंडले आहेत, हे ध्यानात ठेव. बायबलातली कथा ओव्यांत सांगणारं हे पुराण १६१६ मध्ये सासष्टीतल्याच रायतूरला छापलं, ओव्या सुमारे अकरा हजार. भाषा मराठी आहे. कोंकणीचे शब्द मधूनमधून येतात, मिसेच्या संदर्भातले पोर्तुगीज शब्दही. कोंकणीचं व्याकरणही त्याच स्टीफन्सनी लिहिलं, ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये छापलं गेलं. दोन्ही भाषा ओळखणारा माणूस काव्याला मराठी घेतो आणि धर्मशिक्षणाच्या पुस्तकाला कोंकणी, यातच तुमच्या वादाचं उत्तर असेल.

छापलं मात्र रोमी लिपीत, कारण छापखान्यात नागरी खिळे नव्हते. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये याच गोव्यात आला, तोही जेझुइटांच्या सेंट पॉल कॉलेजात. त्या पुराणाच्या गोव्यात निघालेल्या जुन्या छापील आवृत्तीची एकही प्रत आज मिळत नाही. पुढे ते १९०७ मध्ये मंगळूरला हस्तलिखितांवरून पुन्हा छापलं.

माझी एक गंमत सांगते. नववीच्या वर्गात पुस्तकातल्या त्या ओव्या मी जात्यावरच्या चालीत म्हणायला लावायचे. एकदा एक मुलगा, घरी फक्त रोमी कोंकणी वाचणारा, इगर्जेत वेदीवर फादरना मदत करणारा, वर्गानंतर माझ्याकडे आला. “टीचर, हें आमच्या आजयेक म्हणून दाखयलें. तिका अर्दें समजलें, पूण ती रडली.” का रडली? म्हणे, तिची आजी दळताना अशीच चाल म्हणायची. बायबलातली गोष्ट नव्हती ती, सीतेची होती. मी त्या दिवशी पुढचा तास घेतला नाही.

चर्चची भाषा पुढे कशी झाली तेही लिहिते, तुला उपयोगी पडेल. मिसा पूर्वी लॅटिनमध्ये होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून, ती कोंकणीत आली. बहुतेक ठिकाणी रोमी लिपीतली. रोमी लिपीतलं ‘वावराड्यांचो इश्ट’ हे साप्ताहिक १९३३ मध्ये सुरू झालं, ते पिलारचे पाद्री चालवतात. आमच्या लिपिकाच्या टेबलावर ते यायचं आणि मी ते अक्षरं जुळवत वाचायचे.

शाळांच्या माध्यमाबद्दल तू विचारलं नाहीस, पण विचारणार होतीस हे पत्रावरून दिसतं. १९९० मध्ये सरकारने प्राथमिक शाळांचं अनुदान मातृभाषेला जोडलं, तेव्हा महाधर्मप्रांताच्या बऱ्याच प्राथमिक शाळांनी इंग्रजी सोडून कोंकणी घेतली. २०११ मध्ये इंग्रजीलाही अनुदान सुरू झालं आणि त्या पुन्हा इंग्रजीकडे वळल्या. त्या निर्णयाविरुद्ध आम्ही काही शिक्षक पणजीला मोर्चात गेलो होतो. मला तो निर्णय पटला नव्हता, आजही पटत नाही, आणि हे मी तेव्हा मुख्याध्यापक फादरना तोंडावर सांगितलं होतं. ते म्हणाले, पालकच इंग्रजी मागतात बाई, मुलं उद्या लंडनला जाणार. तेही खोटं नव्हतं. वर्गातल्या निम्म्या मुलांचे बाप बोटीवर, मामा इंग्लंडात. आज त्या वाड्यावर सहा घरांत कुलपं आहेत. वर्षातून एकदा फेस्ताला उघडतात, पंधरा दिवस तांदूळ-साखर भरली जाते, परत कुलूप.

“गोव्यात आता ख्रिस्ती किती उरले? चर्चचा जोर अजून आहे का?”
*— एक वाचक, वास्को*

२०११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजारांच्या आसपास, त्यात ख्रिस्ती २५ टक्के, म्हणजे चारातला एक. जोर विचाराल तर ग्रामसभेला जा. डोंगर कापायचा प्रश्न असो वा शेतजमीन भरायचा, पहिल्या दोन रांगांत इगर्जेतली माणसं दिसतील, हातात नकाशा घेऊन. मतं ती सांगतात तशी पडतात का, हे मात्र आमच्या आमदारांना विचारा.

“मी म्हापशालाच असते. लग्न होऊन नवीन आले. मिलाग्रीस सायबिणीच्या फेस्ताला आपण हिंदूंनी गेलं तर चालतं का? काय न्यायचं असतं? सासूबाई जा म्हणतात, नवरा हसतो.”
*— एक वाचक, म्हापसा*

नवऱ्याला हसू दे. सासूबाईंचं ऐका.

सात देवी-बहिणींची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. लईराई शिरगावला, केळबाई मुळगावला, मोरजाई मोरजीला, अशा. त्यांतली धाकटी मिराबाई म्हापशाला आली आणि मिलाग्रीस सायबीण, म्हणजे मारियामाता, झाली, असं आमच्याकडे मानतात. माझ्या माहेरून शिरगाव जवळ. वडील लईराईचे धोंड, म्हणजे व्रत धरणारे भक्त, होते. जत्रेच्या आधी सोवळ्यात राहायचे, अग्निदिव्यातून जायचे. लग्न होऊन मी म्हापशाला आले तेव्हा आईने सांगितलं, “घाबरू नकोस, तिथे मावशी आहे.” मला वाटलं खरीच कुणी मावशी. फेस्ताच्या दिवशी शेजारच्या ख्रिस्ती बाईने दारात येऊन हाक मारली तेव्हा कळलं.

फेस्त ईस्टर उलटल्यावर येतं, सोमवारी. तारीख दरवर्षी बदलते, तेव्हा इगर्जेच्या फळ्यावर बघा. तेल न्यायचं, खोबरेल चालतं, आणि मेणबत्त्या. बाटली घरूनच न्या, दारात भाव दुप्पट. रांगेत हिंदू बायका ख्रिस्ती बायकांपेक्षा कमी दिसणार नाहीत. पायांत चपला असतील तर काढायची सक्ती नाही, पण आपल्या बायका काढतात आणि मग अर्धा तास शोधत बसतात. तुम्ही पिशवीत घाला. उन्हाचं जाऊ नका, सकाळी साडेसहाला जा. मी सातच्या सुमारास उजवीकडच्या दाराशी असते, हातात स्टीलची किटली. तेल कमी पडलं तर माझ्यातलं घ्या.